काचेच्या टाकीतले चार मांगूर

त्या काचेच्या टाकीत चार मांगूर मी सोडले होते. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं की कोणी दटावलं नव्हतं. बाजारातून ते मी स्वतः निवडून आणले, पाण्याच्या डब्यात घालून मोटारसायकलला टांगले आणि सकाळी सातच्या आत टाकीत सोडून वर जाळी बसवली. मांगूर मासा जगला म्हणून पाणी चांगलं ठरत नाही, हे त्या विमानतळावर फक्त मला माहीत होतं. म्हणूनच मी मांगूर आणले.

विमानतळाचं आणि त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. चूक माझी होती, त्यांची नव्हती. मी तिथल्या सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. प्रवाशांच्या संडासांचं, हॉटेलांच्या मोऱ्यांचं आणि विमानांतून उतरवलेलं घाण पाणी आमच्याकडे येतं. ते आम्ही शुद्ध करतो. थोडं बागेला जातं, उरलेलं मागच्या नाल्यात. नाला शहराच्या नदीला मिळतो, ती नदी पुढच्या मोठ्या नदीला, मोठी नदी वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात येऊन थांबते. त्या धरणाच्या काठावर, पवनी तालुक्यात, माझं गाव आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं. आता आम्ही प्लॉट नंबर घातलेल्या सरळ ओळींत राहतो. म्हणजे माझ्या हातून सुटलेलं पाणी कधी ना कधी माझ्याच गावाच्या डोंग्यांना, मासेमारीच्या होड्यांना, लागतं.

आमचं घर ढिवरांचं. बाबा जाळं टाकायचे, माय आठवडी बाजारात मासोळी विकायची. बाबा गेल्यावर थोरल्या भावाने जाळं घेतलं, मायची टोपली मात्र मायकडेच राहिली. आज सत्तरी ओलांडली तरी ती बाजारात तिच्या ठरलेल्या जागी, पोत्यावर, मासोळी मांडायचा लाकडी पाटा पुढे घेऊन बसते. शिळी मासोळी तिने कधी कोणाच्या पिशवीत घातली नाही. उरली तर घरी आणायची, नाहीतर वाळवायची. तिच्या तोंडच्या शब्दावर लोक डोळे मिटून मासोळी न्यायचे, आणि हीच आमच्या घरची इस्टेट होती.

पाणी वाचायला मला तिनेच शिकवलं. लहानपणी तलावावर घेऊन जायची. पाणी बिघडायला लागलं की कोण आधी मरतं, मग कोण, मग कोण, हे ती बोटांवर मोजून दाखवायची. पहिला झिंगा. मग रोहूचं पिल्लू. मग मोठी मासोळी. मांगूर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा मरतच नाही. तो वर येऊन तोंडाने हवा गिळतो आणि परत चिखलात जाऊन बसतो.

"झिंगा मेला का पानी मेलं समज," ती म्हणायची. "आन् मांगुराले काही विचारूच नको. तो नालीतबी 'मजेत आहो' म्हणते."

आयटीआय करून मी शहरात लागलो, चार ठिकाणी फिरून शेवटी या प्लांटवर आलो. गावात बातमी पोचली ती 'विमानतळावर लागला' एवढीच. पानठेल्यावर मला थांबवून एकाने विचारलं, "का गा, विमान चालवतं का तिकिटं फाडतं?"

मी सांगितलं, पाणी साफ करतो.

"कोणचं पाणी?"

मी खरं ते सांगितलं. ठेल्यावर हसण्याची लाट आली.

"म्हणजे आभाळातला गू जमिनीवर आनते हा!"

"मोठ्या लोकायचा आहे बापा, त्याले वास नसन येत!"

मीही हसलो. मला खरंच राग आला नव्हता. काळं, फेसाळ पाणी एका टोकाने आत येतं आणि दुसऱ्या टोकाने तळ दिसेल असं बाहेर पडतं, हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाला असल्या चेष्टेचं काही वाटत नाही. आमच्या कामात यंत्रं आहेत, पण खरं काम जिवाणू करतात. एका मोठ्या टाकीत आम्ही त्यांना हवा देतो, ते घाण खातात, वाढतात, तळाला बसतात, आणि वरचं पाणी निवळतं. त्यांना वेळेवर खायला आणि श्वास घ्यायला मिळतो की नाही एवढंच मी पाहतो. गोठ्यात गुरं सांभाळावी तसंच आहे. सकाळी टाकीपाशी उभं राहिलो की ओल्या मातीसारखा वास आला पाहिजे. तो आला की मला दिवसभर कोणाचं काही लागत नाही.

मायने पहिल्याच सुट्टीत विचारलं, "पानी साफ झालं हे तुले कसं समजते?"

मी मीटरचं सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं. एका चाचणीला तर निकाल यायला तीन दिवस लागतात, हेही सांगितलं.

"तीन दिवस?" ती म्हणाली. "तवरोक तं पानी कुठच्या कुठं जाते. झिंगे ठेव ना बापू."

मी आमच्या साहेबांना सांगितलं. त्यांना गंमत वाटली. महिन्याभरात प्लांटच्या शेवटी, क्लोरीन टाकण्याआधीचं पाणी ज्यातून वाहत जाईल अशी काचेची टाकी बसली. त्यात मी गावच्या तलावातले झिंगे आणि रोहूची पिल्लं सोडली. ती जगली, कात टाकून वाढली. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी टाकीपाशी नेत. मला बोलावून म्हणत, "ही कल्पना यांची." मी तेव्हा मान खाली घालून हसायचो आणि 'माझ्या आईची' असं म्हणायचं विसरायचो.

याच काळात आमच्या धरणाच्या मासोळीचं नाव बाजारात खराब झालं होतं. शहराकडून येणाऱ्या पाण्याने काठाकाठाने जलपर्णी माजली होती, उन्हाळ्यात पाण्याला वास यायचा. गिऱ्हाईक टोपलीपाशी थांबून आधी विचारायचं, "तलावाची का धरणाची?" धरणाची म्हटलं की पुढे जायचं. बाकीच्या बाया सर्रास 'तलावाची' सांगू लागल्या. माय नाही. ती म्हणायची, "धरनाचीच आहे. माहा पोरगा तिकडं वरतं पानी साफ करून सोडून राहिला. ने, खाऊन पाय, मंग सांग."

मी तिला समजावलं होतं. "माय, शहर केवढं, आमचा प्लांट केवढा. आमचं पाणी त्या नदीत ओंजळभर. सगळ्या नदीचं तू कशाला बोलतं?"

"तुहा वाटा तं साफ आहे ना?"

"आहे."

"मंग मी तुह्या वाट्याचंच बोलतो."

मला याचा किती अभिमान वाटला होता ते शब्दांत सांगता येणार नाही. ज्या कामावर ठेला हसला, त्या कामाची ग्वाही माझी माय भर बाजारात देत होती.

आता चुकीचं सांगतो.

विमानांच्या संडासात एक निळं औषध असतं, वास आणि जंतू मारणारं. ते निळं पाणी गाड्या आमच्याकडे आणून एका वेगळ्या हौदात ओततात. नियम असा, की तो हौद मुख्य टाकीत हळूहळू, दिवसभर, करंगळीएवढ्या धारेने सोडायचा. एकदम सोडला तर ते औषध आमच्या जिवाणूंनाही मारतं. हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवलेलं होतं.

त्या दिवशी दुसऱ्या शहरात धुकं असल्याने तिकडची विमानं आमच्याकडे उतरवली होती. गाड्यांमागून गाड्या येत होत्या आणि हौद काठोकाठ भरला. मला मामेबहिणीच्या लग्नासाठी गावाला निघायचं होतं, एसटीची वेळ झाली होती. पुढच्या पाळीच्या माणसाला भरलेला हौद देऊन गेलो तर तो चार शब्द ऐकवेल, असंही मनात आलं. मी वॉल्व्ह पूर्ण उघडला. हौद अर्ध्या तासात रिकामा झाला. हात धुऊन मी लग्नाला गेलो आणि तिथे पंगतीत पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी परत आलो तर फाटकातच वास आला. टाकीवर पांढरा फेस, मेलेला गाळ वर तरंगत होता, आणि शेवटच्या टोकाला पाणी चहासारखं गढूळ. बाकीच्या पाळ्यांना वाटलं होतं, जास्तीच्या पाण्याने गाळ उचलला असेल; खरं कारण फक्त मला माहीत होतं. काचेच्या टाकीत झिंगे तळाला पांढरे पडले होते. रोहूची पिल्लं उलटी झाली होती. नाल्यावर जाऊन पाहिलं. कडेच्या उथळ पाण्यात बारकी मासोळी तोंडं वर काढून हवेसाठी धडपडत होती.

दोन दिवसांनी मोठे पाहुणे यायचे होते. त्या क्षणी मॅडमकडे जायला हवं होतं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने माझ्याहून लहान, कामात काटेकोर. मी गेलो नाही. मी मेलेले झिंगे जाळीने काढून बागेत पुरले आणि बाजारातून चार मांगूर आणले.

पाहुणे आले. टाकी पाहिली. पाणी गढूळ होतं, पण जिवंत मासे दिसल्यावर पाण्याकडे कोणी पाहिलं नाही. काळे, तुकतुकीत मांगूर मिशा हलवत वर यायचे, हवेचा घोट घ्यायचे आणि खाली जायचे. एक पाहुणे म्हणाले, "केवढे सशक्त आहेत!" टाळ्या वाजल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. त्या गर्दीत मांगूर वर काय करायला येतो हे ओळखणारा दुसरा एकही ढिवर नव्हता. मायने मला जे पाणी वाचण्यासाठी शिकवलं होतं, ते मी पाणी लपवण्यासाठी वापरलं.

आणि इतकं करून मी तो फोटो भावाच्या मोबाइलवर पाठवला. सवयीने पाठवला. कौतुकाची सवय वाईट.

रविवारी घरी गेलो. फोटो सगळ्यांनी पाहिला होता. भाऊ-वहिनी कौतुकाने बोलले. मायने फक्त जेवायला वाढलं आणि तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी तिची टोपली पोचवून द्यायला गेलो आणि जरा मागे, गूळवाल्याच्या पालाखाली उभा राहिलो.

एक ओळखीची बाई आली. "काकी, धरनाची का?"

"धरनाची."

"चांगली आहे ना?"

माय रोहू हातात घेऊन थांबली. मी तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो.

"नाकानं पाहून घे, बाई," ती म्हणाली.

"काहून वो? पोरगा गेला का नोकरी सोडून?"

"नाई. आहे."

एवढंच. ती बाई वास घेऊन, नाक मुरडून पुढे गेली. माय पाट्यावर पाणी शिंपडत राहिली. तिने फोटोत माझा हसरा चेहरा पाहिला नव्हता, मांगूर पाहिले होते. माझ्यासाठीही ती खोटं बोलणार नव्हती, आणि माझं खोटं बाहेरही काढणार नव्हती. तिने फक्त आपला शब्द परत घेतला होता.

मी तिथून तसाच बसस्टँडवर गेलो.

दुपारी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं, वॉल्व्हचं आणि मांगुरांचंही. त्या म्हणाल्या, "निकाल वाईट आला तेव्हा मला वाटलं माझीच चाचणी चुकली. टाकीत मासे जिवंत आहेत म्हटल्यावर मी माझ्या नमुन्यांच्या बाटल्या फेकून पुन्हा चाचणी लावली. तुमच्या माशांवर माझा माझ्या बाटल्यांपेक्षा जास्त विश्वास होता."

मी लेखी खुलासा दिला, लेखी माफी मागितली. मला मेमो मिळाला, तोवर माझ्याकडे असलेलं पाळीप्रमुखपद गेलं. योग्यच झालं. कागदावरची माफी त्या मानाने सोपी असते, सही केली की संपते.

आणि मग आम्ही कामाला लागलो. हा काळ मला आजही अभिमानाने आठवतो. दुसऱ्या मोठ्या प्लांटवरून जिवंत गाळ टँकरने आणला, दह्याला विरजण लावावं तसा टाकीत लावला. विमानतळामागच्या गोठ्यातून शेण आणलं, गूळ पाण्यात कालवून रोज थोडा थोडा घातला. तोवर शक्य तेवढं पाणी मोठ्या हौदांत अडवून धरलं, नाल्यात कमीत कमी जाऊ दिलं. कोणाच्या ड्यूटीचे तास संपत नव्हते. निळ्या पाण्याच्या वॉल्व्हला मी अशी चकती बसवून घेतली, की कितीही घाई असली तरी तो करंगळीच्या धारेपलीकडे उघडणारच नाही. ती माझ्यासारख्याच माणसासाठी बसवली आहे, हे मी नव्या पोरांना सांगतो.

पंधरवड्याने फेस विरळ झाला. एका सकाळी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. थेंबात घंटेच्या आकाराचे, पाणी सुधारलं तरच दिसणारे बारके जीव देठांवर डोलत होते. "आले," त्या म्हणाल्या. आम्ही दोघंही लहान मुलांसारखे हसलो. आणखी काही दिवसांनी टाकीपाशी ओल्या मातीचा वास आला. पावसाळा सरता सरता नाल्याच्या काठी चतुर फिरू लागले आणि खाली वाकलेल्या बाभळीवर खंड्या येऊन बसू लागला. खंड्या उगाच कुठे बसत नाही. पुढे नदीला मिळाल्यावर आमचं पाणी ओळखू येत नाही, शहराच्या बाकीच्या पाण्यात हरवून जातं. ते मला माहीत आहे. पण नाल्याचा तेवढा तुकडा आमचा आहे, आणि तो जिवंत आहे.

काचेची टाकी मात्र मी रिकामीच ठेवली होती. साहेब म्हणाले, "काहीतरी सोडा त्यात." मी म्हटलं, ज्याचं काम त्यानेच करावं. मी मायला बोलावलं.

ती एकटी एसटीने आली. सोबत ॲल्युमिनियमचा डबा, त्यात गावच्या तलावातले झिंगे. मी म्हटलं होतं की झिंगे इथेच मिळतील. ती म्हणाली होती, "तुहे नोको. मी आनतो." बसस्टँडवर उतरवून घेतलं तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. पूर्ण प्रवासभर तिने डब्यातलं पाणी हाताने हलवत ठेवलं होतं, झिंग्यांना हवा मिळावी म्हणून.

"कंडक्टर म्हने, आजी, डब्यात काय वरन घोटून राहिली का?" ती सांगत होती. "म्या म्हटलं, माह्या पोराची परीक्षा आहे बापा, पेपर घेऊन चालली."

प्लांटवर तिने साडीचा पदर नाकाला लावला नाही. प्रत्येक टाकीपाशी थांबली, वास घेतला. मॅडमनी तिला खुर्ची दिली तर खुर्चीत न बसता ती काचेपाशी जमिनीवरच बसली. वाहत्या पाण्यात हात घातला, बोटं एकमेकांवर घासली, बोटांचा वास घेतला. मग डबा तिरपा करून झिंगे सोडले. ते आधी एका कोपऱ्यात गोळा झाले, मग पसरले. आम्ही पाहत राहिलो. ती रात्री माझ्याकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हणाली, "चाल, पाहू."

झिंगे जिवंत होते. एक काचेला चिकटून मिशा परजत होता. एकाने कात टाकली होती, ती पारदर्शक कात पाण्यात तरंगत होती. मायने काचेवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, मी पहिल्यांदा डोंगा एकट्याने काठाला लावला तेव्हा.

"तं आता सांगू का बजारात?" तिने विचारलं. "तुह्या वाट्याचं?"

एवढंच ऐकण्यासाठी मी इतके महिने राबलो होतो. 'हो' म्हणालो असतो तर तिथेच सगळं संपलं असतं. तिने पुन्हा कधीच काही विचारलं नसतं. पण तिचा शब्द परत मिळवायचा तर माझा खरा शब्द आधी द्यायला हवा होता. मी तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसलो.

"थांब माय," मी म्हटलं. "पहिले मले सांगू दे. त्या फोटोतले मांगूर मीच सोडले होते. पानी मेलं होतं, मले मालूम होतं. तू शिकवली तेच घेऊन म्या सगळ्यायले फसवलो, आन् तू माह्या नावानं बजारात बोलून राहिली होती तरी तुले सांगितलो नाई. माहं चुकलं माय. मले माफ कर."